प्रश्न विकायचा आणि पान फाडायचं

डेस्टिनी 2 या ऑनलाइन खेळाची पहिली मोहीम, 'रेड वॉर', सप्टेंबर 2017 मध्ये आली. ती संपली की श्रेयनामावली सरकत जायची आणि त्यानंतर एक छोटं दृश्य यायचं. गॉल हा कॅबाल सेनापती मेलेला. पृथ्वीवर तरंगणारा ट्रॅव्हलर नावाचा प्रचंड पांढरा गोल शतकांच्या झोपेतून जागा झालेला. त्याच्या प्रकाशाची लाट अवकाशात पसरत जाते. ग्रह मागे पडतात, सूर्यमाला मागे पडते, आकाशगंगेबाहेरच्या मिट्ट काळोखात ती लाट पोचते आणि तिथे निपचित पडलेल्या पिरॅमिडच्या आकाराच्या जहाजांना भिडते. जहाजं जागी होतात. तिथे दृश्य संपतं.

दृश्य सुंदर होतं, हे मी आजही म्हणेन. पुढची सात वर्षं या जहाजांच्या जोरावर खेळ बनवणाऱ्या बंजी कंपनीने एकामागून एक एक्सपान्शन, म्हणजे कथेचे जोडभाग, विकली. ही जहाजं कुणाची, ती का येताहेत, आल्यावर काय करणार, या तीन प्रश्नांभोवती सगळी कथा फिरत राहिली. आणि आज तुम्ही डेस्टिनी 2 उतरवून घेतलात, त्याची सगळी एक्सपान्शन विकत घेतलीत, तरी ज्या मोहिमेच्या शेवटी हे प्रश्न विचारले गेले ती मोहीम तुम्हाला खेळता येत नाही. 10 नोव्हेंबर 2020 ला 'बियाँड लाइट' हे एक्सपान्शन आलं, त्याच दिवशी रेड वॉर खेळातून काढून टाकण्यात आली. तिच्याबरोबर 'कर्स ऑफ ओसायरिस' आणि 'वॉरमाइंड' ही दोन एक्सपान्शनही गेली आणि मंगळ, बुध, आयो, टायटन हे खेळाचे अख्खे प्रदेश गेले. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्यांच्या हातूनही गेले. कंपनीने या व्यवहाराला 'कंटेंट व्हॉल्ट' असं नाव दिलं. तिजोरीत माणूस परत काढायची वस्तू ठेवतो. इथे खेळाडूंचा विकत घेतलेला माल कंपनीने आत टाकला आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

श्रेयनामावलीनंतरच्या दृश्याला माझा सरसकट विरोध नाही. माझा आरोप नेमका आहे. जो प्रश्न विकतो त्याने उत्तर देईपर्यंत तो प्रश्न खेळाडूच्या हातात राहू दिला पाहिजे. प्रश्न विकून, त्याचं उत्तर वेगळ्या किमतीला विकून, मधल्या काळात प्रश्नाचं पानच फाडून टाकणं ही फसवणूक आहे. ऑनलाइन खेळांच्या धंद्यात ती इतकी रुळली आहे की आपण तिच्यावर बोलायचंही सोडून दिलं आहे.

हिशोब मांडतो. 2017 मध्ये मूळ खेळ 59.99 डॉलरला होता. पहिल्या दोन लहान एक्सपान्शनचा पास 34.99. 2018 चं 'फोर्सेकन' 39.99. 2019 चं 'शॅडोकीप' 34.99. त्यात चंद्राच्या पोटात पुरलेलं एक पिरॅमिड सापडतं. 2020 चं 'बियाँड लाइट' 39.99. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात सीझनमधून जहाजं सूर्यमालेत येऊन ठेपलेली असतात. 2022 चं 'विच क्वीन' 39.99. त्याच्या शेवटी जहाजांचा मालक पहिल्यांदा चेहरा दाखवतो आणि त्याचं नाव विटनेस असल्याचं कळतं. 2023 चं 'लाइटफॉल' 49.99 आणि जून 2024 चं 'द फायनल शेप' 49.99. त्यात अखेर विटनेस मारला जातो. पहिल्या दिवसापासून साथ देणाऱ्या माणसाने एका प्रश्नाच्या उत्तरासाठी सुमारे साडेतीनशे डॉलर दिले. दर काही महिन्यांच्या सीझनचे पैसे यात धरलेले नाहीत. महागड्या छंदाची तक्रार मी करत नाही. एवढे पैसे घेऊनही कंपनीने कथा शाबूत ठेवली नाही, ही माझी तक्रार आहे.

फोर्सेकनचं उदाहरण सगळ्यांत जास्त लागतं, म्हणून तिथे थोडं थांबतो. सप्टेंबर 2018 मध्ये आलेल्या या एक्सपान्शनमध्ये केड-6 मारला जातो. केड हा खेळातला सगळ्यांचा लाडका माणूस, थट्टेखोर, पैजा लावणारा आणि हरणारा. अवोकन राजपुत्र उल्ड्रेन त्याला गोळी घालतो. त्या सूडासाठी खेळाडू टँगल्ड शोर या उजाड प्रदेशात उतरतो, केडच्या मारेकऱ्यांना एकेक करून गाठतो आणि शेवटी उल्ड्रेनपर्यंत पोचतो. पुढे उल्ड्रेनच्या प्रेताला घोस्ट नावाचं एक छोटं यंत्र नवं जीवन देतं. मागचं काहीही न आठवणारा एक नवा माणूस उठतो, त्याला आपण क्रो म्हणून ओळखतो. आपल्याला आठवत नसलेल्या गुन्ह्याचं ओझं घेऊन जगणारा हा क्रो पुढे कथेच्या केंद्रस्थानी येतो. इतकी ताकद असलेली पात्ररचना ऑनलाइन खेळांत मी फार कमी पाहिली आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये विच क्वीन आलं आणि फोर्सेकनची मोहीम आणि टँगल्ड शोर दोन्ही काढून टाकले गेले. 2024 च्या फायनल शेपमध्ये केड परत येतो आणि क्रोच्या समोर उभा राहतो. मेलेला माणूस आणि त्याचा मारेकरी, असा तो प्रसंग. सहा वर्षांच्या कथेचा सगळा भार त्या भेटीवर आहे. आता कल्पना करा की सांगलीतली किंवा सोलापुरातली एखादी मुलगी 2024 मध्ये पहिल्यांदा हा खेळ सुरू करते. हे दोघं एकमेकांकडे असं का बघताहेत, हे तिला कुठून कळणार? तिने पैसे भरले आहेत, वेळ दिला आहे, मन लावून खेळते आहे. कथेचा कणा मात्र तिच्यासाठी उपलब्धच नाही. तिला यूट्यूबवर जाऊन कुणा भल्या माणसाने रेकॉर्ड करून ठेवलेलं बघावं लागतं. जुन्या कथांतले मोजके तुकडे कंपनीने नंतर छोट्या मोहिमांच्या रूपात परत आणले, हे खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे. पण तुकडे परत केल्याने मोहीम परत केल्यासारखं होत नाही.

सीझनांची गोष्ट याहून वाईट आहे. दोन एक्सपान्शनच्या मधल्या काळात कथा पुढे नेणारे हे तीन-तीन महिन्यांचे भाग. डिसेंबर 2022 ते फेब्रुवारी 2023 हा 'सीझन ऑफ द सेराफ' होता. रासपुतिन नावाचं जुनं युद्धयंत्र शेवटी स्वतःचा बळी देतं आणि ट्रॅव्हलर पृथ्वी सोडून निघतो, तो याच सीझनच्या शेवटी. लाइटफॉल थेट तिथूनच सुरू होतं. आणि लाइटफॉल ज्या दिवशी आलं, 28 फेब्रुवारी 2023 ला, त्याच दिवशी तो सीझन काढून टाकला गेला. मागच्या आठवड्यात विचारलेला प्रश्न या आठवड्यात खेळातून नाहीसा. एखाद्या कादंबरीकाराने असं केलं तर वाचक त्याच्या दारात जाऊन जाब विचारतील.

या सगळ्याचा सर्वांत बोचरा पुरावा खेळाडूंनी दिलेला नाही, तो एका न्यायालयातून आला. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या फेडरल न्यायालयात एका लेखकाने बंजीवर दावा लावला. रेड वॉरच्या कथेत आपल्या लेखनातली कल्पना चोरली आहे, असं त्याचं म्हणणं. ते खरं की खोटं यावर मी बोलणार नाही, तो न्यायालयाचा विषय. पण दावा फेटाळून लावा अशी मागणी करताना बंजीला स्वतःची मोहीम न्यायालयापुढे ठेवता आली नाही. ती खेळातून गेलेली होती. कंपनीने पुरावा म्हणून यूट्यूबवरचे व्हिडिओ आणि चाहत्यांनी चालवलेल्या विकीची पानं जोडली. मे 2025 मध्ये न्यायालयाने ते बाहेरचं साहित्य विचारात घ्यायला नकार दिला आणि बंजीची मागणी फेटाळली. ज्या कंपनीने ही कथा लिहिली, रंगवली, विकली, तिला आपल्या कथेत काय होतं हे सांगण्यासाठी चाहत्यांच्या वहीचा आधार घ्यावा लागला. खेळाडूंनी ती वही भरली नसती तर काय दाखवलं असतं?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. कथा तुटक्या भागांत सांगणं ही जुनीच रीत आहे, प्रेक्षकाला पुढच्या भागाची ओढ लावणं हे कथाकाराचं कामच आहे, तुम्ही उगाच तापता. हे अर्धं बरोबर आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. आठवड्या-आठवड्याने वाचक यमूच्या आयुष्याची वाट बघत होते. 1893 मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि आजही कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येते. नवा अंक काढताना हरिभाऊ वाचकाच्या घरात शिरून मागचे अंक उचलून नेत नव्हते. क्रमशः कथेचा सगळा करार याच विश्वासावर उभा असतो. मागचं तुमच्याकडे आहे, पुढचं मी देतो. ऑनलाइन खेळांनी या करारातलं पहिलं वाक्य पुसलं आणि दुसरं तेवढं जपून ठेवलं, कारण विक्री दुसऱ्या वाक्यावर होते.

चित्रपटांतही हेच दिसतं. 2008 च्या 'आयर्न मॅन'मध्ये श्रेयनामावलीनंतर निक फ्युरी अंधारातून बाहेर येतो आणि एका मोठ्या गटाची गोष्ट काढतो. 2012 मध्ये 'द अव्हेंजर्स' आला आणि उत्तर मिळालं. या काळात भारतातल्या चित्रपटगृहांतही दिवे लागल्यावर खुर्चीत बसून राहायची सवय लोकांना लागली. मार्व्हलच्या त्या दृश्यांची अलीकडे अति झाली, यावर मी वेगळा लेख लिहीन. पण मधल्या चार वर्षांत कुणी आयर्न मॅन गायब केला नाही. याच्या उलट, 1987 च्या 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'मध्ये शेवटी खलनायक स्केलेटर पाण्यातून डोकं वर काढून परत येईन म्हणतो. दुसरा भाग कधीच झाला नाही. त्यासाठी जमवलेल्या सेटवर आणि कपड्यांवर 1989 चा 'सायबॉर्ग' हा वेगळाच चित्रपट काढला गेला. तिथे वचन मोडलं, पण निदान वचन दिलं होतं याचा पुरावा प्रेक्षकाकडे राहिला.

माझा दुसरा आरोप लेखनाबद्दल आहे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं पाहिजे. निदान उत्तराची दिशा तरी. 2014 च्या पहिल्या डेस्टिनीत एक अनोळखी एक्सो, म्हणजे यंत्रदेहाची, बाई मधूनच येते, गूढ बोलते आणि सांगायला वेळ नाही, वेळ का नाही हे सांगायलाही वेळ नाही, अशा अर्थाचं वाक्य टाकून निघून जाते. त्या वाक्याची खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं टिंगल झाली. 2015 मध्ये पत्रकार जेसन श्रायरने सविस्तर लिहिलं की 2013 च्या उन्हाळ्यात, खेळ यायला वर्ष उरलेलं असताना, त्याची तयार कथा मोडून नव्याने जोडण्यात आली होती. मग त्या बाईला उत्तर कुठून असणार? उत्तर मिळालं 2020 मध्ये, दुसऱ्या खेळात, बियाँड लाइटमध्ये. ती एल्सी ब्रे निघाली, विनाश झालेल्या एका भविष्यातून आलेली. सहा वर्षांनी सुचलेलं स्पष्टीकरण. चांगलं सुचलं, पण सुचलं ते सहा वर्षांनी.

विटनेसचंही तेच. 2017 मध्ये जहाजं जागी झाली. त्यांच्या मालकाला नाव आणि चेहरा मिळाला तो 2022 मध्ये. मधल्या पाच वर्षांत जे घडलं त्यात विटनेसच्या इच्छेचा, त्याच्या रागाचा, त्याच्या हेतूचा स्पष्ट माग मला कुठे दिसत नाही. विच क्वीन स्वतः उत्तम होतं, कारण त्याने स्वतःचा प्रश्न स्वतःच्या पोटात सोडवला. खलनायिका सवाथूनला लाइट ही शक्ती कुणी दिली, या एका कोड्यावर ती मोहीम उभी होती आणि ते कोडं त्याच मोहिमेत सुटलं. लाइटफॉलने मात्र नेपच्यूनवरच्या निओमुना शहरात नेऊन व्हेल नावाच्या वस्तूसाठी सगळ्यांना धावायला लावलं आणि व्हेल म्हणजे काय हे मोहीम संपली तरी सांगितलं नाही. शेवटच्या दृश्यात विटनेस ट्रॅव्हलरमध्ये त्रिकोणी दार उघडून आत शिरतो आणि कथा तिथेच तोडली जाते. पन्नास डॉलरला एक लांबलचक टीझर. स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर खेळाडूंनी त्याला सडकून नकार दिला, ते योग्यच केलं. व्हेलबद्दलचे खुलासे नंतर सीझनांमधून थेंबाथेंबाने मिळाले.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्यांनीही हात धुऊन घेतले आहेत. 2017 मध्ये 'लीजन'च्या अखेरीस खलनायक सार्गेरास अझरॉथ या ग्रहाच्या छातीत तलवार खुपसतो. पुढच्या एक्सपान्शनला त्या जखमेतून निघणाऱ्या अझराइटचं निमित्त मिळालं आणि मग कथा वर्षानुवर्षं दुसरीकडे भटकत राहिली, तलवार तिथेच उभी. 2022 मध्ये 'शॅडोलँड्स'चा खलनायक जेलर मरताना येणाऱ्या कुठल्याशा मोठ्या संकटाची धमकी देऊन जातो. पुढच्या 'ड्रॅगनफ्लाइट'ने त्या धमकीची फारशी दखल घेतली नाही. दोन वर्षं लोक त्या माणसाशी लढले, तो कोण होता हे नीट कळायच्या आत त्याने मरता मरता पुढच्या कुणाची तरी जाहिरात केली. नोव्हेंबर 2023 मध्ये या खेळाच्या ब्लिझार्ड कंपनीने तीन एक्सपान्शनची नावं एकाच दमात जाहीर केली. मला ते जास्त प्रामाणिक वाटलं. निदान कथेचा आराखडा असल्याचं लेखी दिलं.

आणि 'अँथम'. बायोवेअरचा हा ऑनलाइन खेळ फेब्रुवारी 2019 मध्ये आला. श्रेयनामावलीनंतर दाखवलं की दंतकथेतले समजले जाणारे उर्गोथ खरंच आहेत. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, खेळ नव्याने घडवण्याचं काम रद्द केल्याचं जाहीर झालं. 12 जानेवारी 2026 हा सर्व्हर बंद करण्याचा दिवस म्हणून प्रकाशक ईएने सांगितला. अँथम सर्व्हरशिवाय चालतच नाही. प्रश्न गेला, उत्तर गेलं, खेळ गेला. ज्यांनी पूर्ण किमतीला घेतला त्यांच्याकडे काय उरलं? 2024 मध्ये युबिसॉफ्टने 'द क्रू' बंद केल्यावर युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदाच झाला आहे की डिजिटल माल विकताना हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. हे सगळं खेळ संपूर्ण बंद पडण्याबद्दल आहे. चालू असलेल्या खेळातून मधलाच भाग कापून नेण्याबद्दल कुणी काही बोलत नाही, आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं, कारण बंद पडलेल्या खेळावर निदान आरडाओरडा होतो.

हे टाळता येतं, आणि ते टाळून दाखवणारा खेळ समोर आहे. फायनल फँटसी 14 चा पहिला अवतार 2010 मध्ये आला आणि सपशेल फसला. नाओकी योशिदांनी तो हाती घेतला. नोव्हेंबर 2012 मध्ये जुने सर्व्हर बंद झाले ते कथेतच एक चंद्र त्या जगावर कोसळवून, त्यातून बाहामूट हा महाड्रॅगन बाहेर काढून आणि जगाचा विध्वंस दाखवून. ऑगस्ट 2013 मध्ये 'अ रिअल्म रिबॉर्न' आलं आणि त्या रात्री नेमकं काय झालं याचं उत्तर त्याच्या पहिल्या मोठ्या रेडमध्येच, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या मोहिमेतच, मिळायला लागलं. 2019 च्या 'शॅडोब्रिंगर्स'मध्ये श्रेयनामावलीनंतर गार्लमाल्डच्या राजवाड्यात झेनोस आपल्या बापाचा, सम्राट व्हारिसचा जीव घेतो. अंगावर काटा आणणारं दृश्य. डिसेंबर 2021 च्या 'एंडवॉकर'ने झेनोसची गोष्ट पूर्ण केली आणि सुरुवातीपासून चालत आलेला हायडेलिन आणि झोडिआर्क या दैवतांचा सगळा पट गुंडाळला. आज नवा माणूस आला तर तो पहिल्या गावापासून सुरू करून त्या राजवाड्यापर्यंत आणि तिथून पुढे शेवटापर्यंत स्वतः चालत जाऊ शकतो. जुन्या डंजनसाठी सोबती मिळाले नाहीत तर संगणकाने चालवलेली पात्रं त्याच्याबरोबर येतात. फुकटच्या चाचणीत आता 'स्टॉर्मब्लड'पर्यंतचा भाग मिळतो. त्यांनीही सुरुवातीच्या भागातल्या काही कंटाळवाण्या मोहिमा 2020 मध्ये छाटल्या, पण कथेचा धागा तोडला नाही. हा खेळ दर महिन्याला पैसे घेतो, नफा कमावतो, पुढच्या भागाची ओढही लावतो. मागचं जपून पुढचं विकता येतं, हे त्याने सिद्ध केलं आहे.

आता ज्या यादीच्या मागे हे दृश्य लपवलं जातं त्या यादीबद्दल. श्रेयनामावली म्हणजे खेळ घडवणाऱ्या माणसांची नावं. अ‍ॅनिमेटर, आवाज मिसळणारे, चुका शोधण्यासाठी एकच खोली शेकडो वेळा खेळणारे टेस्टर, भाषांतरकार. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात वर्षानुवर्षं आहे, 2018 पासून मुंबईतही आहे. तिथे बनलेल्या खेळांच्या यादीत मराठी आडनावं सरकत जाताना मी पाहिली आहेत आणि मला त्याचा अभिमान वाटला आहे. या लोकांना पडद्यावर मिळणारी तेवढी एकच जागा. अनेकांना तीही मिळत नाही. 2021 च्या 'मेट्रॉइड ड्रेड'च्या वेळी कळलं की विकासाच्या एकूण काळाच्या 25 टक्क्यांपेक्षा कमी काम केलेल्यांची नावं वगळायची, असं मर्क्युरीस्टीम या स्टुडिओचं धोरण होतं. शेवटी दृश्य ठेवलं की ही यादी म्हणजे ते येईपर्यंत ढकलत न्यायची अडगळ होते. हात आपोआप वेग वाढवायच्या बटणाकडे जातो.

आणि ज्यांची नावं आपण पळवतो त्यांचं काय होतं? ऑक्टोबर 2023 मध्ये बंजीने सुमारे 100 लोकांना काढलं. त्यांत मायकेल साल्व्हतोरी होते, ज्यांच्या संगीताशिवाय हॅलो आणि डेस्टिनी कानात उभे राहत नाहीत. फायनल शेप जून 2024 मध्ये आलं, सात वर्षांची कथा त्या लोकांनी शेवटाला नेली, समीक्षकांनी आणि खेळाडूंनी उचलून धरलं. 31 जुलैला 220 जणांना घरी पाठवलं गेलं, कर्मचाऱ्यांपैकी 17 टक्के. दोन महिनेही झाले नव्हते. सोनीने 2022 मध्ये ही कंपनी 3.6 अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला होता, म्हणजे पैशांची चणचण कुणाच्या निर्णयांमुळे आली हे अ‍ॅनिमेटरांना विचारायचं कारण नाही. पुढच्या कथेचं वचन कंपनी देते, आणि ते पाळण्याचं कौशल्य ज्यांच्या हातात असतं त्यांनाच ती काढते. मग नवे लोक येतात, जुन्या दृश्याचा अर्थ काय होता हे तेही विकीवर शोधतात.

बंजीचं समर्थन मला माहीत आहे. खेळाचा आकार शंभर जीबीच्या पुढे गेला होता, प्रत्येक दुरुस्ती तपासायला फार वेळ लागत होता, जुने भाग फार कमी लोक खेळत होते. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उपायही होते. जुनी मोहीम वेगळी उतरवून घेण्याची सोय करता आली असती. कॉल ऑफ ड्युटी हे वर्षानुवर्षं करतंय, मोहीम हवी त्याने ठेवावी, नको त्याने काढावी. तिसरं कारण मात्र मी मान्य करत नाही. जुनं पुस्तक कमी लोक वाचतात म्हणून ते सगळ्यांच्या कपाटातून उचलून न्यायचा अधिकार प्रकाशकाला मिळत नाही. 2022 मध्ये कंपनीने यापुढे कुठलंही एक्सपान्शन खेळातून काढून टाकणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे चूक होती हे त्यांनाही कळलं. मग काढलेलं परत का देत नाही?

ते देऊ शकतात. 'मॅरेथॉन' हा त्यांचा खेळ 1994 चा, मॅकिंटॉशवरचा. 2000 मध्ये बंजीने 'मॅरेथॉन 2'चा सोर्स कोड खुला केला, चाहत्यांनी त्यावरून अलेफ वन हे इंजिन बांधलं, 2005 मध्ये कंपनीने तिन्ही मॅरेथॉन फुकट वाटायला परवानगी दिली आणि 2024 मध्ये ते स्टीमवरही फुकट आले. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीची मॅरेथॉनची कथा मी आज संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर पहिल्या ओळीपासून खेळू शकतो. 2017 ची रेड वॉर खेळू शकत नाही. 'एज ऑफ फेट' आलं, त्याच्यामागून 'रेनेगेड्स' आलं, नवे प्रश्न मांडून झाले, नाइन नावाच्या गूढ शक्तींची कथा सुरू झाली. बंजीने पुढच्या एक्सपान्शनची किंमत जाहीर करण्याआधी रेड वॉर आणि फोर्सेकन कोणत्या तारखेला परत देणार, हे सांगावं. सर्व्हर नको असतील तर ऑफलाइन द्यावं, जुन्या त्रुटींसकट द्यावं, चाहते ते चालतं ठेवतील, त्यांनी हे आधी करून दाखवलं आहे. ती तारीख येईपर्यंत मी त्यांचं एकही एक्सपान्शन विकत घेणार नाही, आणि ज्यांच्याबरोबर मी रात्र-रात्र रेड खेळलो त्या सगळ्यांना हेच सांगत फिरणार आहे.